तीन फूट खोल

५ जानेवारी २०२५, रविवार
संकल्प : पीएचडी मार्चअखेर संपवणे. अकरावं वर्ष आहे, पण यंदा नक्की. विषय तसा सोपा. उसाच्या चिबड, पाणी साचलेल्या रानात, हवा नसलेल्या चिखलात जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात. त्यात मधेच नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. तो विषारी. साचायच्या आत त्यांचं एक हीम-प्रथिन, आपल्या रक्तातल्यासारखंच लोखंडवालं, त्याला पकडून त्याची वाट लावतं. पकडलं की यंत्राच्या आलेखावर टोक दिसतं. मला फक्त ते टोक पाहिजे.

माती आमच्याच रानातली. नाना, म्हणजे वडील, माजी सुभेदार, वय एकोणऐंशी. बरणी काठोकाठ भरतात, झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळतात आणि सांगलीच्या एसटीत कंडक्टरकडे देतात. सोबत चिठ्ठी : ‘वेळ ०६३०. हवा शून्य.’

११ जानेवारी
टोक नाही. जिवाणू आळशी. माती भरून बंद केलेली बाटली रोज सकाळी उघडून वास घेतो, एकच मिनिट. मी शिकवतो त्या कॉलेजातली माझी विद्यार्थिनी शिवांजली म्हणाली, सर, हवा आत गेली की ते हे प्रथिन बनवतच नाहीत. मी म्हटलं, देखरेख लागते. अनुभव नावाची गोष्ट असते.

१९ जानेवारी
टोक नाही. यंत्र जुनं. वीज दोनदा गेली.

२६ जानेवारी, सकाळी ११
कारण सापडलं. मातीच खराब. नानांना फोन करून सांगितलं, वरवरची काढता तुम्ही, खोलची पाहिजे. म्हणाले, ‘बरं. खोल काढतो. तू कवा येतोस रं?’ पुढच्या रविवारी, म्हटलं.

३ फेब्रुवारी
रविवार पेपर तपासण्यात गेला. बरणी आली. ‘खोली तीन फूट. ०६००. हवा शून्य.’ अक्षर हललेलं. आई फोनवर म्हणाली, ‘चरीत कमरंएवढ्या पाण्यात हुबं हुते. लय ताप हाय. ऐकत न्हाईत.’ नानांनी फोन घेऊन विचारलं, ‘टोक आलं का?’
या रविवारी जाणारच.

५ फेब्रुवारी
दवाखान्यात नेलंय. न्यूमोनिया. आजच निघणार होतो, पण माती वाया जाईल म्हणून आधी बाटली लावली. त्यात शेवटची गाडी चुकली. उद्या सकाळी पहिल्या गाडीने.

६ फेब्रुवारी
पोचायच्या आत गेले.

२० फेब्रुवारी, गुरुवार
तेरावं करून परत. पंधरा दिवस बाटलीला कुणाचा हात लागला नव्हता. शिवांजलीने नमुना काढून यंत्रात लावला. टोक आलं. पुस्तकात असतं तसं.
मग तिने कपाटातून दुसरी बाटली काढली. जानेवारीतली, वरवरची माती. तिने मला न सांगता बंद करून ठेवली होती. त्या बाटलीचंही टोक आलं. तेवढंच.
मी दोन्ही आलेख एकावर एक धरून पाहिले. फार वाईट वाटतंय.

संध्याकाळी आईचा फोन. ‘त्यांच्या खोल मातीनं झालं न्हवं तुझं काम?’
व्हय, म्हटलं.