रांगेतला माझा हंडा

माय, आपल्या चिकलठाण्याच्या वस्तीसमोर आता उंच इमारती झाल्यात. टँकर अजून येतोच, फक्त आधी त्यांच्याकडं जातो. काल त्याचा भोंगा ऐकला अन् तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

त्या दुष्काळात मी दहावीला होते. वर्गातली एक मुलगी मला आवडायची, तिला मी. शाळेच्या जिन्यात कुणीतरी आम्हाला हातात हात घेऊन बसलेलं पाहिलं अन् झालं! तिला घरच्यांनी वैजापूरला मामाकडं धाडलं. माझ्या बाकावर कुणी बसेना, फळ्यावर रोज घाण लिहिलेलं. मग ते वस्तीत पोचलं. टँकरआधी बायका रांगेत हंडे मांडायच्या, तेव्हा माझा हंडा पायानं बाजूला सारायच्या. म्हणायच्या, हिचा हंडा आमच्या हंड्याला शिवायला नको. अन् ह्या बायका कोण, तर विहारात आपल्या शेजारी वंदनेला बसणाऱ्या. तू मला म्हणालीस, पाण्याला येऊ नको, शाळेतबी जाऊ नको, बोलून बोलून थकतील. तुला वाटलं, पोरीला जपतेय. मी मात्र तापल्या पत्र्याखाली दिवसभर एकटी, अन् डोक्यात एकच, आपण नसलेलंच बरं.

एके दिवशी मी माझे नवे सँडल, आपल्याला आता कशाला लागतात म्हणून, मावशीच्या पोरीला देऊन टाकले. तू कंपनीतून येताना तिच्या पायात ते बघितलेस. घरी आलीस ती चहासुद्धा न ठेवता माझ्यासमोर बसलीस.

"मरायचं हाय का तुला?"

असं कुणी तोंडावर विचारतं का गं? पण तू विचारलंस, जेवलीस का विचारावं तसं. मी व्हय म्हणाले अन् लई रडले. तू इज्जतीचं काही काढलं नाहीस. म्हणालीस, "तुला कोण आवडतं ते मला समजत नाय. शिकीन मी. पण तू मला पायजे." दुसऱ्या दिवशी कामाला खाडा करून मला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलंस. पुढं कित्येक दिवस तू नाहीतर मावशी, कुणीतरी माझ्यापाशी असायचंच.

अन् टँकरच्या दिवशी माझा हंडा तू स्वतः रांगेत मांडलास. एकीनं पाय उचलला तशी शांतपणे म्हणालीस, "माझ्या आजीचा हंडा गावानं असाच लांब ठेवला व्हता. तुमच्याबी आजीचा ठेवला व्हता." तिनं पाय मागं घेतला. कुणी माफी मागितली नाही, पण पाणी भरलं.

आता मी जिच्यासोबत राहते तिला तू पाहिलं नाहीस. तुमचं जमलं असतं, तीही सरळ विचारणारी. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. मरायचा तो विचार कायमचा गेला, असं समजून तू गेलीस. तो अजून कधीतरी येतो, माय. आला की मी तिला सांगते, आज मला एकटीला ठेवू नको, अन् ती सुट्टी टाकते. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण त्या म्हातारपणीही तू कामाला खाडा करून माझ्याशेजारी येऊन बसली असतीस.