काळ्या गाडीवरचं जाळं

९ फेब्रुवारी
गाडी पाहायला पाहुणे आले. परतवाड्याचे दातांचे डॉक्टर, सोबत बायको. अंगणात खुर्च्या, पोहे, चहा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढला. याच अंगणात पूर्वी मला पाहायला आले होते, तेव्हा पोहे मीच केले होते. आजही मीच. फरक एवढाच की गाडीसाठी बाबांनी चौकशी कसून केली: घर कुठं, सावली आहे का, चालवणार कोण, हात कसा आहे. माझ्या वेळी "दारू पित नाही ना" एवढ्यावर भागवलं होतं. आठ महिन्यांत मी माहेरी परत आले ते उगाच नाही.

डॉक्टरांना इंजिन पसंत, गाद्या पसंत. मग भर उन्हात बॉनेटसमोर उभे राहून मान तिरकी केली, दाढेतली कीड बघावी तशी.
"मॅडम, हे जाळं कशाचं?"
मीही मान तिरकी केली. काळ्या रंगावर, उन्हाच्या ठिपक्याभोवती, बारीक गोल ओरखडे. एकात एक. बॉनेटवर, टपावर, चारही दारांवर. रोज बघते ही गाडी. म्हणजे बघत नव्हते.
"पॉलिश करून ठेवा, मग पुन्हा येतो," डॉक्टर. बायको म्हणाली, "काळा रंग म्हटलं की असंच." नापसंतीची ही भाषा मला पाठ आहे.

१० फेब्रुवारी
स्वतःसाठी एकदा सरळ लिहून ठेवते, नाहीतर मीच विसरेन की हा उपद्व्याप कशासाठी.
संस्थेच्या अकोल्याच्या कॉलेजचं प्राचार्यपद मला देताहेत. आधी दोनदा नाही म्हटलं, बाबांमुळे. तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर चौथ्यांदा विचारणार नाहीत. बाबांना अमरावतीत एकटं ठेवता येत नाही. अकोल्याला संजू आहे, धाकटा भाऊ, तो घ्यायला तयार. पण त्याच्या फ्लॅटला एकच पार्किंग आणि त्यात त्याची गाडी. बाबांचं म्हणणं: गाडी जिथं, मी तिथं. डोळ्यांमुळे चालवणं बंद होऊन किती काळ झाला, तरी.
शेवटी दिवाळीत बोलले, "चांगल्या घरी गेली तं चालतो अकोल्याले."
तर माझी सुटका त्या जाळ्यात अडकली आहे. मराठीच्या बाईला याहून स्वस्त रूपक मिळालं नसतं.

१३ फेब्रुवारी
राजकमल चौकाजवळचं दुकान. भिंतभर बाटल्या. पॉलिश, वॅक्स, कंपाउंड, ग्लेझ, आणखी सिरॅमिक का काय.
"ताई, हे मारा. शोरूम होते."
"आणि हे?"
"हेही मारा."
"दोन्हीत फरक काय?"
दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. गिऱ्हाईक त्रासदायक आहे हे त्याला कळलं. "वॅक्स वर बसते. ओरखडे लपते. कंपाउंड घासते. ओरखडे जाते."
"जातात कुठं?"
"जात नाई ना. रंगावर पारदर्शक थर राह्यते, तो घासून ओरखड्याच्या बुडापर्यंत नेतो आपण."
म्हणजे ओरखडा तिथंच. आजूबाजूचं सगळं त्याच्या पातळीला आणायचं, की तो दिसत नाही. आमच्या संस्थेत गुणवत्ता अशीच वाढवतात.
मी वॅक्स घेतलं. घासण्याची भीती वाटली.

१५ फेब्रुवारी
सुटी. सकाळी अकरा. वॅक्स. कोणीतरी सांगायला हवं होतं की वऱ्हाडातल्या उन्हात तापलेल्या काळ्या पत्र्यावर ते लावत नाहीत. (बाटलीवर लिहिलंय. बारीक अक्षरात.) आधी अख्ख्या बॉनेटवर लावलं, मग पुसायला घेतलं, तोवर ते वाळून पांढरं टणक. चुना दिलेली भिंत. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पांढरे डाग, ते तर अजून गेले नाहीत. दुपारभर ओल्या फडक्याने काढत बसले.
बाबा निंबाखाली खुर्चीत. "इतकं घासाचं होतं तं बंब घासून टाक म्हणा. पितयचा हाये. उजळन तरी."

१६ फेब्रुवारी
एक दिवस गाडी खरंच सुंदर दिसली. आज धुतली. जाळं जिथल्या तिथं. फक्त आता ओरखडेही चमकतात.

२० फेब्रुवारी
बारीक पॉलिश आणलं. घासणारं, पण हळू. आधी डिकीच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने चौकोन आखून करून पाहायचं म्हणे. सावलीत, स्पंजाने, हाताने. सावली फक्त निंबाखाली, आणि निंबावर बगळे. त्यामुळे एक डोळा स्पंजावर, एक आभाळाकडे.
बशीएवढा तुकडा स्वच्छ झाला. खरंच झाला. काळं पाणी, त्यात माझं तोंड. खांदा मात्र कामातून गेला. उरलेली गाडी हाताने करायची तर मी थेट प्राचार्य म्हणून निवृत्तच होईन.

२१ फेब्रुवारी
त्या बाटलीमागे शेवटची ओळ: पॉलिशनंतर रंगावर कोरडं फडकं फिरवू नये, धूळ रंगाला चरते.
हे स्वयंपाकघराच्या खिडकीशी वाचत होते. समोर अंगणात बाबा. सकाळची पूजा म्हणावी तर आमच्यात पूजा नाही; पण हे चुकत नाही. लाल गाडीवर ड्रायव्हर होते तेव्हा डेपोतून निघायच्या आधी अख्खं तोंड पुसायचे बसचं. अमरावती-अकोला, वाटेत मूर्तिजापूर. तोच हात. जुना दुपट्टा, तोही कोरडा. एकदा झटकायचा, आणि मग गोल. बॉनेट, टप, दारं. गोल, गोल, गोल. रात्रभर बसलेली काळ्या मातीची धूळ त्या दुपट्ट्याखाली.
जाळं विणणारा माणूस रोज माझ्यासमोर विणत होता आणि मी त्याच्यासाठी चहा गाळत होते.
सांगितलं नाही. काय सांगू?

२५ फेब्रुवारी
संजूचा फोन. "ताई, इथं पॉलिशचा मशीनवाला हाये. एका दिवसात करते. गाडी आन, बाबालेही आन. वर्षानं गॅलरी बंद करून खोली केली, पाहून घेतीन."
त्याची बायको वर्षा मागून: "पंखा बी लावला म्हना!"
डॉक्टरांचाही फोन. घाई नाही म्हणाले, पण दुसरी एक पांढरी गाडी बघताहेत. घाई नसलेली माणसं असंच बोलतात.

१ मार्च
अकोला. मी चालवायला, बाबा बाजूला. माझ्या ब्रेकवर माझा पाय आणि त्यांच्या नसलेल्या ब्रेकवर त्यांचा, दोन्ही एकदमच दाबले जायचे. मूर्तिजापूरला थांबायला लावलं. "इथं चहा पेल्याबिगर गाडी पुढं जात नाई." टपरी तीच, पण माणूस दुसरा. बाबांना ओळखणारं कोणी नव्हतं. चहा अर्धा सोडला.
मशीनवाल्याकडे गाडी ट्यूबलाइटच्या पांढऱ्या नळ्यांखाली उभी केली. उन्हात जेवढं दिसलं ते काहीच नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, बंद करा हो ती लाइट, बिचारी उघडी पडली.
त्याने पत्र्यावर डबीएवढं मीटर टेकवून थर मोजला. दोनदा. "बॉनेटवर पातळ झालाय. आधी कोणी घासलीय का जोरात?" (विकत घेतली तेव्हाच सेकंडहँड होती. देव जाणे, म्हणजे आमच्यात तोही नाही.) "एकदा होईल. पुन्हा नाही. पुन्हा ओरखडे पडले तर लपवायचं फक्त, ग्लेझ मारून. त्यापेक्षा सिरॅमिक करून घ्या मॅडम, स्कीम चालू आहे."
स्कीम घेतली नाही. गाडी विकायची आहे, नांदवायची नाही.
मग बाबांकडे वळून: "काका, हे कोरड्या फडक्यानं पडते. गोल गोल फिरवते ना लोक. आता सुकं फडकं बिलकुल लावू नका."
बाबा नळीकडे बघत होते. "कोणतं लोक?" एवढंच.

२ मार्च
संजूकडे मुक्काम. खोली छान केली आहे. बाबा आत जाऊन उभे राहिले, पंखा लावून पाहिला, बंद केला. वर्षाने विचारलं, "कशी वाटली बाबा?"
"चांगली हाये माय. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते."
दुपारी गाडी मिळाली. काय सांगावं. काळी म्हणजे विहिरीसारखी. संजू टपावर वाकून केस विंचरायला लागला. बाबा एकदा फिरले भोवती, हात मागे बांधून. येताना मूर्तिजापूरला चहालाही थांबायला लावलं नाही.

६ मार्च
मऊ मायक्रोफायबरचं फडकं आणून दिलं, पाण्याची बादली, सांगितलं ओलं करून सरळ रेषेत पुसा. बाबांनी हातात घेतलं आणि लगेच टाकलं. "हाताले चिकटते हे." खरंच चिकटतं. आयुष्यभर स्टिअरिंग धरून तळवा चिरलाय, त्यात ते धागे अडकतात. मी बोट धरून बघितलं तर ओढून घेतलं.

११ मार्च
सकाळी बाबा दुपट्टा खांद्यावर टाकून गाडीभोवती फिरतात. हात मागे. संग्रहालयातली 'हात लावू नका' पाटी पाळावी तसे. मग खुर्ची. मग आत. मग पुन्हा बाहेर.
आज फाटक पुसताना दिसले. लोखंडी फाटक. गोल, गोल.

१७ मार्च
नाश्ता नको म्हणतात. भूक नाही. डॉक्टरला दाखवलं (माणसांच्या). सगळं ठीक, म्हणे, वय आहे. वयाला गोळी लिहून दिली.
बाबांना म्हटलं, जेवत काहून नाही? आमच्यात बोलताना माझंही वऱ्हाडी बाहेर येतं.
"काम केलं तं भूक लागते वं."
यावर मी काहीतरी तिरकस बोलू शकले असते. त्याऐवजी पोह्यांची बशी झाकून ठेवली.

२३ मार्च
संस्थेच्या सचिवांचा फोन. "मॅडम, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नक्की सांगा. नाहीतर आमच्याकडे दुसरं नाव आहे." असतंच. त्यांच्याकडे नेहमी दुसरं नाव असतं, बहुतेक मेव्हण्याचं.
परतवाड्याला फोन केला. "झाली का?" "झाली. या." रविवारी, पाच तारखेला येतात. त्यांना पांढरी पसंत पडली नाही. पांढऱ्यावर जाळं दिसत नाही म्हणून की काय.

२८ मार्च
बाबा: "जयंतीच्या रॅलीत गाडी नसन तं लोक इचारतीन."
मी: "सांगू, विकली म्हणून."
"हो. सांगजो."
मग, "त्या डाक्टरची बायको शिकून राह्यली म्हने गाडी. क्लच जाळन."
दर वर्षी रॅलीत सर्वांत पुढे हीच असते, बॉनेटवर निळे झेंडे. दोन्ही टोकांचे दोरे मी बांधते. यंदा कुणाच्या गाडीला बांधीन?

२ एप्रिल
कॉलेजात कोणालाच काही सांगितलं नाही, तरी सगळ्यांना माहीत. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, "अकोल्याला तुमचं छान होईल, तिथं ऊन जास्त आहे म्हणजे तुमच्या स्वभावाला." मी हसले. चांगलं होतं, चोरीन.
रात्री स्वतःला विचारलं: अकोला हवंय का? हवंय. लाज वाटावी इतकं हवंय. खोलीला दार, दाराला माझ्या नावाची पाटी. आणि संध्याकाळी माझ्या एकटीच्या घरी गेल्यावर कोणी विचारणार नाही, "आज उशीर काहून?"
कोणी विचारणार नाही.

४ एप्रिल
गाडी धुतली. दोन बादल्या, वरून खाली, ओल्याने सरळ. सावलीत वाळवली. फटींत कानाच्या काड्यांनी. बाबा खुर्चीत. दुपट्टा मांडीवर घडी केलेला. त्याची घडी कधी करत नाहीत.
दुकानातून ग्लेझची बाटली आणून ठेवली, आपली असावी. ओरखडे नाहीतच, पण मी कोणाच्याही स्वच्छपणावर इतका विश्वास ठेवत नाही.

५ एप्रिल
रात्री वारा होता. सकाळी अंगणभर मातीचा पापुद्रा.
सहाच्या सुमारास खिडकीशी आले. बाबा गाडीशी. दुपट्टा हातात. कोरडा. झटकला. मला वाटलं नुसतेच उभे राहतील, रोजच्यासारखे. मग बॉनेटवर टेकवला आणि फिरवला. गोल. घाई नाही, चोरी नाही. डेपोतून निघायच्या आधी पुसायचे तसं, अख्खं तोंड. मग टप. मग पाहुणे बसतात त्या बाजूची दोन्ही दारं.
ते पुसत असताना मी ओरडू शकत होते. खिडकी उघडी होती. चहा उकळून गॅसवर सांडला, तोही मी बघत राहिले.
बाहेर गेले तेव्हा ऊन फाटकावरून बॉनेटवर आलं होतं. मान तिरकी केली. आहे. नवं, ताजं, बारीक.
"काय पाहून राह्यली?"
"काही नाही."
"धूय बसली होती." दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. कपाळावर घाम. "पोहे टाक जरा जास्त. भूक लागली."
पोहे टाकले. दोन बश्या खाल्ल्या त्यांनी. तिसरी मागितली, पाहुण्यांसाठी ठेवावी लागेल म्हटलं तर म्हणाले, "येऊ दे की. त्याईले करशीन अखीन."
डॉक्टरांचा फोन आत्ताच. परतवाड्याहून निघाले, चांदूर बाजार सोडलं. म्हणजे फार वेळ नाही.
ग्लेझची बाटली समोर आहे. सावलीत, पातळ हात, दोन-तीन धुण्यांपर्यंत काही दिसत नाही. परतवाड्याला पोहोचेपर्यंत तर नक्कीच नाही. बूच काढलंय. वास केळ्यासारखा आहे.
बाबा निंबाखाली खुर्ची ओढून बसलेत, पाय लांब करून. माझ्याकडे बघत नाहीत, पण खुर्ची अशी ठेवली आहे की गाडीपाशी जायचं तर त्यांच्यासमोरूनच.
पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला आहे. बाटली अजून उघडीच आहे.