नसीमची सात मिनिटं

४ जानेवारी १९९६, मत्रह (मस्कत, ओमान)
नसीम बारावीत. शाळेच्या कार्यक्रमात एका जुन्या अमेरिकन विनोदी नटीचं आयुष्य सात मिनिटांत एकटी करून दाखवणार आहे. कोण ही बाई, विचारलं. तिचं मराठी अडखळत. "बाबा, तिची आई तिला स्टेजवर ढकलून पाडायची. लोक हसले तर जेवण."
मग?
"मग मोठी स्टार. पिक्चरमध्ये फक्त पडायची. एकदा कंबर खरंच मोडली, तेव्हा पण हसले. मग काम बंद."
यात हसण्यासारखं काय?

११ जानेवारी
आज कार्यक्रम झाला. शेवटी नसीमची म्हातारी नटी खुर्चीतून उठू बघते, उठवत नाही. सारं सभागृह हसलं. मीही. अल्ला माफ करो, अभिमान वाटला. फोटोवाल्याकडून व्हिडिओ कॅसेट घेतली.

२३ फेब्रुवारी
ईदच्या भेटीगाठी. कॅसेट मीच आपल्या कोकणी घरांतून फिरवली. नसीमसाठी ज्यांच्या मुलाचं बोलणं चाललं होतं, त्या हमीदाबी माझ्या बायकोला, सकीनाला, चारचौघींत म्हणाल्या, "आमाला सून हवी गो, सर्कस नको." बोलणं खलास. सकीनाने घरी येऊन कॅसेट माझ्या पुढ्यात आपटली.

२७ एप्रिल
हजमधला अरफातचा दिवस, रोजा. टीव्हीवरचा खुतबा, हजचं प्रवचन, टेप केला. कपाटात कोरी कॅसेट होती. मी नसीमची घातली. सवाबाचं, पुण्याचं काम, असं मनाला सांगितलं.

९ मे
मुंबईला नाटक शिकायचा अर्ज. मिस म्हणाल्या, सोबत कॅसेट हवीच. नसीमने लावली. खुतबा सुरू झाला. तिने ओढणी डोक्यावर घेतली, खाली बसली. बंद करवेना. शेवटपर्यंत ऐकला.
"बाबा, यावर परत काही भरता पण नाही येणार ना?"
नाही. गुनाह होईल.
"बरं."
फोटोवाल्याने मूळ पुसलंय. मैत्रिणींना फोन करून झाले, कुणाकडे नाही.
सकीना : "रडली असती तर बरं."

१६ मे
सूकात, बाजारात, फर्नांडिस भेटले. वसईचे, हल्ली दोन तासांवरच्या निझव्यात हॉटेलात कामाला. त्यांची धाकटी त्याच कार्यक्रमात नाचली होती. "अरे, तुझ्या पोरीची कॅसेट आहे ना आमच्याकडं! बायको आजारी, तेवढंच बघून हसते. उद्या परत येतोय, आणू?"
म्हटलं, इन्शाल्ला.
अर्ज शनिवारी जायचा.
घरी नसीम भाकऱ्या थापत होती. "कोण भेटलं, बाबा?"
कुणी नाही.
अस्रच्या नमाजाला उभा राहिलो. किती रकात झाल्या, आठवेना. पुन्हा पहिल्यापासून पढलो.
फर्नांडिसना "आणा" म्हणायला अजून उद्याचा दिवस आहे.