विरून गेलेलं वादळ

यिशुन, सिंगापूर
१२ नोव्हेंबर २०१६

ती. अभयदादास,
धाकट्या पूर्वीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. जहाजावर आलेला ई-मेल कोण कोण वाचतं ते तुला माहीतच आहे, म्हणून हे कागदावर लिहून तुमच्या एजंटच्या माणसाकडे देते आहे. तुझं जहाज इथे नांगरलं की तो लाँचने टपाल घेऊन येईल, त्यात हे असेल.

इकडची हकिगत अशी. जूनमध्ये आम्ही बुकित पंजांगचा फ्लॅट सोडून यिशुनला आलो. घर मोठं आहे; उन्मेषला ऑफिस लांब पडतं म्हणून त्याची कुरकुर चालू असते. इरा जानेवारीत तिसरीत जाईल. माझ्याशी मराठीत भांडते, बापाशी इंग्रजीत, आणि दोन्हीकडे शेवटी इथल्या लोकांसारखं 'लाह' लावते. रोज दुपारी गडगडाट होऊन धो-धो पडतं आणि संध्याकाळी पुन्हा तोच उकाडा. माझं ऑफिस तेच, तोआ पायोहला, आणि कामही तेच. जहाजांना वाटेतला वारा आणि लाटा कळवायच्या, कुठून जाणं बरं ते सुचवायचं.

गेल्या आठवड्यात अंदमानच्या पश्चिमेला कमी दाबाचा पट्टा तयार झाला, आणि तू नेमका विशाखापट्टणमहून इकडे निघणार होतास. तुझ्या जहाजाचं काम माझ्याकडे देऊ नका, असं मी आमच्या साहेबांना, मिस्टर लिमना, मागेच सांगून ठेवलं होतं. पण या वेळी माझ्या जोडीचा प्रकाश आजारी पडला. लिम म्हणाले, "यू टेक, लाह. शिप इज शिप." मग मी घेतलं.

किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला उतरा, श्रीलंकेच्या अलीकडून पूर्वेला वळा, वादळ तुमच्या उत्तरेला राहील, असा सल्ला मी पाठवला. खाली नेहमीसारखं कंपनीचं नाव. तुझा मेल आला, 'ड्यूटीवर कोण आहे?' मी माझं नाव कळवलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, आता हा मुद्दाम सरळ निघणार. शेवटी उत्तर आलं, 'ठीक. सल्ल्याप्रमाणे वळतो.'

वादळ मी म्हटलं होतं त्याहून थोडं वरच्या अंगाला सरकलं. मी चार मीटरच्या लाटा सांगितल्या होत्या, तुला तीनच्या लागल्या. म्हणजे माझं बरोबर आलं असं नाही, चुकलं असंही नाही. या धंद्यात बहुतेक वेळा असंच असतं. पण माझं नाव वाचूनही तू वळलास. त्यामुळे आता लिहिणं भाग आहे.

गेल्या वर्षी अरबी समुद्रात वेगळं झालं. तू न्हावाशेवाला उतरून ठाण्याला घरी जाणार होतास. लक्षद्वीपजवळ वादळ उठलं होतं आणि ते तुझ्या वाटेवर येईल असं आमची सगळी मॉडेलं सांगत होती. मी तुला श्रीलंकेच्या दक्षिणेला थांबायला सांगितलं. 'खात्री किती?' तू विचारलंस. 'दहात सात,' मी लिहिलं. तू थांबलास. आणि मग अरबस्तानाकडची कोरडी हवा आत शिरली आणि ते वादळ भर समुद्रात विरून गेलं. तू घरी पोचलास तेव्हा आपल्या चुलतभावाने, प्रबोधने, आईला अग्नी दिलेला होता. तुझ्या वाट्याला अस्थी आल्या. दारात, सगळ्या नातेवाइकांसमोर, तू मला विचारलंस, "वादळ कुठे होतं, पूर्वी?" त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस.

अंदाजाबद्दल मी माफी मागत नाही. तीच हवा आणि तेच आकडे पुन्हा समोर आले तर मी पुन्हा 'थांब'च म्हणेन. पण तू थांबलास तेव्हा तुला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि मला होती.

आईला साधा न्यूमोनिया आहे, सुधारते आहे, असं संजीवनीवहिनीने तुला कळवलं होतं. सुधारत नव्हती. ज्या दिवशी मी तुला सल्ला पाठवला त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मुलांना बोलावून घ्या. वहिनीने मला फोन लावला. ती रडत होती. "ह्यांना आत्ता कळवते," म्हणाली. तेवढ्यात आईने हॉस्पिटलच्या पलंगावरूनच फोन मागून घेतला.

"समुद्र कसा आहे गं?"

"चांगला नाही, आई. बिघडणार आहे."

"मग अभयला माझं कळवू नका."

"आई, नंतर कळलं तर तो—"

"रागावेल. रागावू दे. आत्ता कळलं तर तो थांबायचा नाही, मी ओळखते त्याला. त्याच्या जहाजावर वीस-बावीस माणसं आहेत. त्यांच्याही आया आहेत."

वहिनीकडूनही तिने तसंच कबूल करून घेतलं.

दादा, तू निघाला असतास तर पोचला असतास. वादळ विरल्यावर मी नकाशावर मोजून पाहिलं. आई तुला भेटली असती. मला हे रोज माहीत असतं.

मग त्या दिवशी दारात का बोलले नाही? वहिनी तुझ्या मागेच उभी होती. मी समुद्रापलीकडे राहते, माझ्यावर रागावून तुझं चालण्यासारखं होतं. तिला तुझ्याच घरात राहायचं होतं. म्हणून मी गप्प बसले आणि तिलाही बोलू दिलं नाही. आता तिला ते सोसत नाही. दिवाळीत फोनवर म्हणाली, "हे तुझ्याबद्दल काही बोलले की घास उतरत नाही."

घरी यायचं असेल तर पत्ता पाकिटावर आहे. यायचं नसेल तर राहू दे. पुढच्या प्रवासाचं हवामान नेहमीप्रमाणे मिळेल.

तुझी धाकटी बहीण,
पूर्वी


यिशुन, सिंगापूर
१७ नोव्हेंबर २०१६

सौ. संजीवनीवहिनीस,
सा. न.

तुला न विचारता मी दादाला सगळं लिहिलं. आधी सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही.

तो काल आला. फोन नाही, काही नाही, सरळ बेल वाजवली. इराने दार उघडलं आणि आत ओरडली, "आई, फोटोतला मामा!" उन्मेष तिला घेऊन खाली खेळायला गेला. दादाने पाणी मागितलं, पण ग्लास हातात तसाच धरून बसला.

"तुम्ही दोघींनी माझ्या वतीने ठरवलंत," तो म्हणाला.

"आईने ठरवलं."

"आई तापात होती. तुम्ही शुद्धीवर होतात."

वहिनी, हे तो तुलाही ऐकवेल. उत्तर असेल तर तयार ठेव.

"मी कॅप्टन आहे, पूर्वी. माझी माणसं मी बुडवली असती असं वाटलं तिला?"

"बुडवली नसतीस. पण निघाला असतास."

खिडकीबाहेर पाऊस सुरू झाला होता. त्याने उठून खिडकी लावली. मग म्हणाला, "हो. निघालो असतो."

नंतर त्याने विचारलं, ती कशी बोलत होती, दम लागत होता का. मी खरं ते सांगितलं. दम लागत होता. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईला आधी रेडिओ बारीक करायला लावला आणि मगच मला समुद्राचं विचारलं. हे ऐकून तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. ठाण्याला तो रडला होता की नाही मला माहीत नाही. इथे रडला.

इरा परत आली तेव्हा तो तोंड धुऊन बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मामा, यू ईटिंग हिअर ऑर नॉट? आई कुक सो मच, लाह." मग तो जेवला. वरणभात दोनदा घेतला. बोलला मात्र फक्त इराशी. व्हेल जहाजाला धडकतो का, हे तिला समजावत होता.

मी लिफ्टपर्यंत गेले. विचारू नये, पण विचारलंच, "अजून रागावला आहेस?"

"हो," तो म्हणाला. "तुझ्यावर आहेच. संजीवनीवर अजून सुरुवात करायची आहे."

लिफ्टचं दार लागता लागता त्याने हात माझ्या डोक्यावर ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा जड.

महिनाअखेरीला तो जहाजावरून उतरून घरी येईल. रागावलेलाच येईल. मधे आईचं नाव पुढे करू नकोस, ते तो आपलं आपण काढेल. त्याचं बोलून होऊ दे. माझ्याशी वर्षभर बोलत नव्हता त्यापेक्षा ते बरं, एवढं मी तुला अनुभवाने सांगते.

निम्म्या रागाची वाटेकरीण,
पूर्वी