नऊ दिवस अळणी

१३ सप्टेंबर

नवं घर, नवी वही. लोअर परळची चाळ, तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. समोर काचेचा टॉवर. सुशांत म्हणतो, व्ह्यू फुकट. सासूबाईंनी माझं ऋग्वेदा हे लांबलचक नाव पहिल्याच दिवशी कापून वेदा केलं. मला आवडलं. लग्न मानवतंय मला.

१६ सप्टेंबर

गोळ्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यात लपवल्यात. मला बायपोलर आहे हे सुशांतला ठाऊक आहे. आईला सहा महिन्यांनी सांगू, म्हणतो. दादरच्या नव्या डॉक्टर संघमित्रांनी छान समजावलं. तेजीत मेंदूतलं डोपामिन उसळतं, मग झोपच नको वाटते. (तेव्हा मी एका दिवसात तीन सोफे मागवले होते, बसायला मात्र वेळ नव्हता.) मंदीत ते आटतं, आंघोळीचा तांब्याही उचलवत नाही. या गोळ्यांतलं लिथियम दोन्हींना वेसण घालतं. फक्त मीठ-पाणी कमी करायचं नाही, नाहीतर लिथियमच रक्तात साचून विष होतं. म्हटलं, डॉक्टर, मालवणी घरात मिठाची काय कमी!

२२ सप्टेंबर

घट बसले. सुशांत कंपनीच्या कामाला सुरतला गेला. सासूबाईंनी आमच्या लग्नासाठी गावच्या देवीला नवस बोलला होता: नवरात्रभर सुनेने अळणी जेवायचं. मी काहीतरी पुटपुटले, तर त्या म्हणाल्या, "नऊ दिवस मीठ नाय खाल्लंस तर काय जीव जाता?" मिठाची बरणी शेजारी जाईबाईंकडे गेली. खरं कारण सांगायचं तर गोळ्याही सांगाव्या लागतील. नऊच दिवस तर आहेत. निभेल.

२६ सप्टेंबर

उकाडा, घामाच्या धारा. दोनदा उलटी झाली, पोट बिघडलंय. हात थरथरतोय, अक्षर बघवत नाही. काल रात्रभर टक्क जागी होते. तेजी येतेय का? इथे नको, या माणसांसमोर नको. खूप भीती वाटतेय. आज एक गोळी जास्त घेतली.

२७ सप्टेंबर

आणखी एक जास्त घेतली. थरथर वाढलीच — चालताना भिंत धरावी लागते. फोनवर जीभ जड झाली. सुशांतला वाटलं मी पेंगतेय. म्हणाला झोप, उद्या बोलू —

२८

तेजी नाही ही. मीठ. डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि मी वर जास्तीच्या गोळ्या —

फोनवर बोटं टेकत नाहीत. सासूबाईंना सांगायला गेले, तोंडातून नुसते आवाज. आरती चालू होती. तोल जात होता. जाईबाई म्हणाल्या, देवी इली अंगात. मला मळवट भरला. चाळीतल्या बायका पाया पडतात. एकीने विचारलं, मुलाला नोकरी कधी लागेल —

२९

‘डॉक्टर’ लिहून सासूबाईंपुढे धरलं. माझं हे अक्षर मलाच लागतं, त्यांना नुसत्या रेघा. ‘मीठ’ लिहिता आलं — एवढं मोठं. सासूबाईंना दाखवलं.

वाचलं त्यांनी. धावत बरणी आणली. मूठ भरली. मी तोंड उघडलं —

डोक्यावरून ओवाळली. सात वेळा. म्हणाल्या, देवीच सांगतेय, पोरीला दृष्ट लागलीय. गॅसवर टाकलं सगळं. मीठ तडतडतंय —

दुसरी मूठ भरतायत. हात धरायला हवा त्यांचा. हात —