पेन ड्राइव्हमधली कौशल्या

तीर्थस्वरूप पंचफुलाबाईस,

धाकट्या भावाचा, मधुकरचा, वाकून नमस्कार. (पत्रातूनच वाकतोय, कारण खरोखर वाकलो की उठवायला हल्ली घरात कोणी नसतं.) तुझा गुडघा कसा आहे? भिवापुरात ऊन नागपूरपेक्षा कमी असेल तर तसं कळव, जास्त असेल तर कळवू नकोस. मी ठीक आहे. ठीक म्हणजे दोन्ही वेळा खिचडी. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू माझं अर्धं ऐकूनच हसायला लागतेस.

तुझी भावजय कौशल्या होळी झाल्यावर रितिकाच्या बाळंतपणाला बंगलोरला गेली, ती बारसं करून परत येणार होती. नातीचं नाव चिन्मयी ठेवून झालं, मग पोर मान धरेपर्यंत थांबते म्हणाली. आता पोरीने मान धरली, तर म्हणे रितिकाचं ऑफिस सुरू होऊ द्या. या हिशेबाने चिन्मयीचं लग्न लावूनच ती स्टेशनवर उतरेल. लेकीच्या बाळंतपणात कोणता बाप तोंड उघडणार? पण बाई, घर फार मोठं झालं आहे गं. दोनच खोल्यांचं, तरी मोठं झालं आहे.

रोज दुपारी मी झोपलेलो असताना ती फोनवर आवाजी निरोप पाठवायची. ते मी लगेच ऐकत नसे. कळमन्याच्या बाजारात जन्मभर मिरचीची आडत केलेला माणूस मी, चांगला माल दाबून ठेवायची सवय. आठवडाभर साठवायचे आणि रविवारी चहासोबत एकदम ऐकायचे, म्हणजे ती बराच वेळ घरात आहे असं वाटतं. अशाच एका रविवारी, निरोप ऐकायच्या आधीच, कुलरमध्ये पाणी भरायला वाकलो आणि खिशातला फोन सरळ टाकीत. (शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवू नका, हे कौशल्याने मला किती वेळा सांगितलं ते तुला माहीत आहे, आणि म्हणूनच हे तिला माहीत नाही. मोठा फोन चार्ज होत नाही, असं सांगून ठेवलंय.) दुरुस्तीवाल्याने फोनचा दहावा करायला सांगितला, पण आतले निरोप तेवढे पेन ड्राइव्हवर काढून दिले. आता मी बटणांचा फोन वापरतो. त्यावर ती विचारते, जेवले का? मी म्हणतो, हो. मग ती चिन्मयीचं रडणं ऐकवते आणि फोन संपतो.

पेन ड्राइव्ह मी स्वयंपाकघरातल्या रेडिओला लावला. पोळ्या करताना ती ज्यावर गाणी ऐकायची, तोच. तो बोलेना. चौकशी केली तेव्हा कळलं की फोनमधले निरोप ओपस नावाच्या जातीचे, आणि आपल्या रेडिओला फक्त एमपीथ्री कळतं. म्हटलं, एवढंच ना? रितिकाच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसलो (तो चालतो, पण मुका आहे) आणि एकेका निरोपाच्या नावापुढचं ओपस खोडून एमपीथ्री लिहिलं. पोत्यावरचा छाप बदलला की मालाचा भाव बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. रेडिओ मात्र कळमन्याचं गिऱ्हाईक नव्हे. त्याने पोतं उघडून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मग इंटरनेटवरून एक फुकटचा प्रोग्राम उतरवला, जात खरोखर बदलणारा. रेडिओ बोलला! बाई, कौशल्याचा आवाज स्वयंपाकघरात आला आणि मी हातातली पळी खाली ठेवली. पण फुकटचा प्रोग्राम प्रत्येक निरोपाची फक्त सुरुवात बदलून देत होता, पोत्यातून मूठभर नमुना दाखवावा तशी. "फ्रीजमधी वरच्या खान्यात तुमच्यासाठी मी..." आणि बंद. मी वरचा खाना तीनदा रिकामा केला, बर्फसुद्धा फोडून पाहिला. आणि दुसरा निरोप: "अहो, मले तुमची..." आणि बंद.

पुढचं मीच मनात म्हणून टाकलं. संसारात तिने मला जेवलात का, औषध घेतलं का, सगळं विचारलं, पण हे वाक्य कधी बोलली नव्हती. रोज सकाळी चहा ठेवला की मी तेवढंच लावायचो. चहा दोनदा उतू गेला.

शेजारच्या अरुंधतीबाई भजनी मंडळाच्या. मंडळाची भजनं प्रत्येकीच्या फोनवर, गाडीत, रेडिओवर वाजतील अशी करून देणं त्यांच्याकडेच असतं. त्यांनी भिंतीपलीकडून रोज तेच ऐकलं आणि शेवटी दारात आल्या. "भाऊ, काहून रोज अर्ध्यावरच तोडून राहिले बिचारीले? आणा इकडं, पाहू द्या मले." तासाभरात सगळे निरोप पूर्ण करून दिले.

तर फ्रीजचं असं, की वरच्या खान्यात काही ठेवलं नाही, सारं खाली हाये, उगा उचकू नका. आणि दुसरं: "अहो, मले तुमची चौकड्याची लुंगी इथं बॅगेत सापडली. मऊ हाये म्हणून फाडून पोरीचे लंगोट केले."

अरुंधतीबाई तोंडाला पदर लावून घरी गेल्या. मी दोन्ही ठेवलेत, पूर्ण आणि अर्धा. चहाच्या वेळी अजूनही अर्धाच लावतो.

तुझा,
मधुकर

ता.क. : कुलरचं कौशल्याला सांगू नकोस. लुंगीचं मला वाईट वाटलं नाही, हेही सांगू नकोस.

ता.क. २ : मुद्द्याचं राहिलंच. माझ्याशी दोन मिनिटं बोलणारी कौशल्या तुला मात्र लांबच लांब निरोप पाठवते, हे मला रितिकाकडून कळलंय. मिरचीच्या गाडीवाल्यासोबत हे पत्र आणि दुसरा एक रिकामा पेन ड्राइव्ह पाठवतोय. ते सगळे त्यात भरून घे आणि त्याच्याच हाती परत पाठव. माझ्या तक्रारीच असतील, चालेल. आवाज तिचा आहे ना.

ता.क. ३ : त्यात एखादा "मले त्यांची" असा सुरू होत असेल, तर तो आधी तू ऐक. पुढे लुंगीच असेल, तर तिथेच तोडून पाठव.