पाण्यावरच्या स्कूटरची बॅटरी

४ एप्रिल, शनिवार

पडला! पुन्हा पडला! या आठवड्यातला तिसरा नट स्कूटरच्या पोटात. नखाएवढा, चौकोनी. बोल्ट सुटला रे सुटला की बॅटरीच्या खाचेतून घरंगळतो आणि तळातल्या तेलकट पाण्यात बुडी मारतो. पाऊण तास पालथी पडून चाचपडले. कोपर सोललं, नट नाहीच.

ज्याने ही पाण्यावरची स्कूटर बनवली त्याने जन्मात एकदाही तिची बॅटरी काढलेली नसणार. सीट उचला, मागची पेटी काढा, मग खांद्यापर्यंत हात आत घाला. तिथे दहा नंबरचा पाना फिरतो किती? पाव वळसा! आणि हा उद्योग मला रोज संध्याकाळी. धक्क्यावर वीज नाही, चार्जर ऑफिसच्या खोलीत. तलावावर बुडणाऱ्याला काढायला ही एकच स्कूटर — सकाळी चालू झालीच पाहिजे.

वन्सं वरून बघत होत्या. जीवरक्षक त्या, स्कूटर चालवणार त्या. हात काळे करायला मी! "पंधरा वर्षं मी असंच काढत आले," म्हणाल्या.

मग आता पण काढा ना! — हे मनातल्या मनात. हात पुन्हा आत घातला.

५ एप्रिल, रविवार

नट सापडला. बोल्ट हरवला.

७ एप्रिल, मंगळवार

नटाखाली रबरी नळीचा तुकडा कोंबला. आता तो वर उचललेला राहतो, पडत नाही. एवढीशी युक्ती, सुचायला तीन वर्षं! पाना मात्र फिरवावा लागतोच.

घरी यांना हौसेने सांगायला गेले. "ताईला विचारलंस का?" बहिणीला विचारल्याशिवाय हा माणूस शिंकायचासुद्धा नाही.

९ एप्रिल, गुरुवार

पानाच हद्दपार! बोटांनी फिरवायचे, पंख असलेले बोल्ट आणून बसवले. दोन मिनिटांत बॅटरी बाहेर.

वन्संनी नाक मुरडलं. "बोटांनी आवळलेलं बोटांनीच सुटतं."

वन्संच्या जिभेला कधी सुट्टी नाही.

१२ एप्रिल, रविवार

सुटलं.

दुपारी एक माणूस हद्दीच्या तरंगत्या डब्यांच्या पलीकडे गेला, पायात गोळा आला, ओरडायला लागला. वन्सं सुसाट निघाल्या. अर्ध्यावर इंजिन गप्प. एकदा बटण दाबलं, दोनदा दाबलं — काही नाही. त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं नाही. सरळ उडी मारली, उरलेलं अंतर पोहून गेल्या आणि त्याला मानेखाली हात घालून ओढत आणलं.

वाचला.

मागून स्कूटर वल्हवत आणली, सीट उचललं. हादऱ्यांनी पंखाचा बोल्ट ढिला होऊन लाल वायर लोंबत होती. वन्संनी ती बघितली. माझ्याकडे बघितलं. पायरीवर बसून केस पिळत राहिल्या. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं!

१३ एप्रिल, सोमवार

जुने बोल्ट परत. मुकाट्याने. "ताई सांगत होती ना!" — हे म्हणाले. जेवणाच्या टेबलावर मीठ होतंच, वर जखमेवर हे.

१६ एप्रिल, गुरुवार

गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "मॅडम, बॅटरीच्या तोंडाला रोज हात लावताच कशाला?"

म्हणजे?

म्हणजे असं — बॅटरीला दोन आखूड जाड वायरी पक्क्या आवळायच्या, कायमच्या. त्यांची दुसरी टोकं सीटखाली वर आणायची, तिथे एक प्लग. सामान उचलणाऱ्या गाड्यांना असतो तसा, मुठीएवढा. प्लग ओढायचा आणि बॅटरी वायरींसकट उचलायची. "उलटा लागतच नाही," म्हणाला. "वायर मात्र जाडच हवी, स्टार्टर फार करंट ओढतो."

मी तीन वर्षं पालथी पडतेय, आणि याच्याकडे उत्तर खोक्यात पडून होतं!

१८ एप्रिल, शनिवार

बसवलं. पाण्यापासून उंचावर, वरून ग्रीस. वन्सं हाताची घडी घालून उभ्या. "ओढून सुटतो, मग हादऱ्याने नाही सुटणार?"

प्रश्न रास्त होता, तेच तर दुखतं! प्लगवर रबरी पट्टा लावला. तरी समाधान नाही. स्वतः घेऊन गेल्या आणि आपल्याच लाटांवर आपटत वीस फेऱ्या मारल्या. मला वाटलं, स्कूटरचे दोन तुकडे करूनच येणार.

परत आल्या. "ठीक आहे."

वन्संच्या तोंडून ठीक आहे! मी हुरळले, तोच पुढचं — "आता तू चालव. दुरुस्त करणारीला चालवता यायला हवं." नाही म्हणायची सोय आहे का? तीन चकरा मारल्या, देवाचं नाव घेत. "गुडघे आवळू नकोस!" "लांब बघ, हँडलकडे काय बघतेस!" साऱ्या तलावाने ऐकलं.

२० एप्रिल, सोमवार

संध्याकाळी बॅटरी काढली. वीस सेकंद. उगाच पुन्हा लावली, पुन्हा काढली.

२३ एप्रिल, गुरुवार

सकाळी तलाव उघडायच्या आधी वन्सं नेहमीसारख्या पोहत होत्या. मी बॅटरी घेऊन धक्क्यावर आले तर त्या मधोमध थांबलेल्या. एक हात वर, मग तोही नाही. दुसरं कुणीच नव्हतं.

बॅटरी आत. पट्टा. प्लग. बटण. गेले. दंडाला धरून स्कूटरच्या मागच्या पायरीवर ओढलं, कसं ते आठवत नाही.

हृदयाचा झटका होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन मिनिटं गेली असती तर हातात काही उरलं नसतं. आता वन्संचं पाण्यात उतरणं बंद, कायमचं.

संध्याकाळी हॉस्पिटलात वन्संनी डोळे उघडले. हे रडत होते. त्यांच्याकडे बघितलंही नाही. माझा हात धरला.

"तलाव आता तुझा."

"बॅटरी चार्जिंगला लावायची राहिलीय," म्हणत मी उठायला लागले. त्यांनी हात सोडला नाही.